ससा खात नाहीये? वाटीआधी लेंड्यांचा ट्रे बघा

आधी एवढं वाचा. खालच्यापैकी एक जरी गोष्ट दिसत असेल, तर बाकीचं नंतर. सशाला कॅरियरमध्ये घाला आणि डॉक्टरांकडे निघा.

पोट ढोलासारखं ताठ आणि फुगलेलं आहे. कान गार पडलेत आणि अंग सैल लागतंय. तोंड उघडून श्वास घेतोय (ससा एरवी फक्त नाकाने श्वास घेतो, त्यामुळे हे फार वाईट लक्षण आहे). मान वाकडी झालीय किंवा तोल जातोय. शेपटीखालच्या ओल्या, घाण केसांत माशीच्या अळ्या दिसतायत. किंवा 10-12 तासांत काही खाल्लेलंही नाही आणि एक लेंडीही टाकलेली नाही.

यातलं काहीच नसेल, तर तुमच्या हातात थोडा वेळ आहे. थोडाच, पण आहे.

माझ्याकडे आजवर पाच ससे झाले. त्यातल्या ढब्बू नावाच्या एकाने तोंड मिटून बसायचा जणू वसाच घेतला होता; काही महिने तर दर पंधरवड्याला हाच कार्यक्रम. पहिल्या दोन-तीन वेळा मी नुसती घाबरले. नंतर एक क्रम ठरत गेला, फुकटात आणि दोन मिनिटांत होणाऱ्या गोष्टी आधी, अवघड गोष्टी नंतर. तोच इथे लिहितेय.

लक्षणं

"खात नाही" हे आपल्याला शेवटी कळतं. त्याआधी लेंड्या बोलतात. निरोगी सशाच्या लेंड्या गोल, साधारण एकाच मापाच्या आणि बोटाने चुरडल्या तर आत गवताचा भुसा दिसेल अशा असतात. बिनसायला लागलं की त्या लहान, काळपट, कडक होतात, काही थेंबाच्या आकाराच्या निघतात, मग संख्या घटते, मग बंद. केसात ओवलेल्या लेंड्यांची माळही दिसते. केस गळायच्या दिवसांत एखादी माळ निघाली तर मी फार मनावर घेत नाही, पण रोज निघायला लागली तर घेते.

बसण्याची पद्धत बघा. नुसता विसावलेला ससा पसरतो किंवा पावाच्या लादीसारखा निवांत बसतो. दुखणारा ससा कोपऱ्यात पाठ काढून, अंग आखडून, डोळे अर्धे मिटून बसतो. मधेच पोट जमिनीला दाबतो, उठतो, दोन पावलांवर जाऊन पुन्हा तसाच बसतो. जागा बदलतो, दुखणं बदलत नाही.

दातांचा आवाज ऐका. डोकं कुरवाळताना येणारी हलकी कटकट खुशीची असते. एकटा बसलेला असताना मोठ्याने, थांबून थांबून करकर दात वाजवत असेल, तर ते दुखण्याचं.

आता या सगळ्या पोस्टमधली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट. आवडीच्या पाल्याची एक काडी नाकासमोर धरा आणि नुसतं बघत राहा. काही ससे वास घेतात आणि तोंड फिरवतात, किंवा वासही घेत नाहीत. त्यांना खावंसंच वाटत नाहीये. बहुतेकदा पोट, कुठलं तरी दुखणं, ताप किंवा भीती. दुसरा प्रकार वेगळा. ससा पुढे येतो, काडी उचलतो, दोनदा चावतो, डोकं तिरकं करतो आणि काडी टाकून देतो. पुन्हा उचलतो, पुन्हा टाकतो. त्याला भूक आहे, पण खाता येत नाहीये. इथे संशय तोंडावर, म्हणजे दातांवर. हनुवटी ओली असेल किंवा पुढच्या पंजांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झाले असतील, तर संशय आणखी पक्का, कारण तो गळणारी लाळ पंजांनी पुसत असतो.

"वाटत नाही" की "येत नाही", हे एवढं डॉक्टरांना सांगता आलं तरी त्यांचं निम्मं काम होतं.

एवढी घाई कशाला?

कुत्रा एक दिवस जेवला नाही तरी चालून जातं. सशाचं तसं नाही. त्याचं आतडं सतत काहीतरी पुढे ढकलत राहण्यासाठीच बनलंय आणि ते ढकलण्याचं काम करतो गवतातला चोथा. वरून चोथा येणं थांबलं की चाल मंदावते. आतला माल सुकतो, मोठ्या आतड्याच्या पिशवीतले जिवाणू बिघडतात, वायू धरतो. वायूने दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आणखी थांबतं. ससा उलटी करू शकत नाही, म्हणजे वरून सुटकेचा रस्ताही नाही. शिवाय उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचायला लागते. गुबगुबीत सशांना हा धोका जास्त. "उद्या सकाळपर्यंत बघू" हे वाक्य म्हणूनच सशाच्या बाबतीत महाग पडतं. मी ते एकदा म्हटलं होतं. सकाळी ससा जिवंत होता, पण अंग गार होतं, आणि पुढचे चार दिवस दवाखान्यात गेले.

पहिली तपासणी: ट्रे आणि घड्याळ

ट्रे पूर्ण रिकामा करा, पुसा, खाली साधा पांढरा कागद घाला आणि वेळ लिहून ठेवा. जुन्या लेंड्यांच्या ढिगात नवीन कुठल्या ते कळत नाही, आणि "काल रात्री बहुतेक टाकल्या होत्या" यातल्या "बहुतेक"चा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. दोन ससे एकत्र राहत असतील तर मधे जाळी घाला, म्हणजे कोणाच्या लेंड्या ते कळेल, पण एकमेकांना दिसू द्या. जोडीदार नजरेआड झाला की आजारी ससा आणखी खचतो.

द्राक्षाच्या घडासारख्या, चकचकीत, उग्र वासाच्या मऊ लेंड्या पडलेल्या दिसल्या तर तो जुलाब नव्हे. त्या ससा एरवी थेट तोंडाने उचलून खातो आणि त्याला त्या लागतातच. त्या पडून राहतायत म्हणजे एकतर पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्यांचं तयार खाद्य) जास्त होतायत, किंवा लठ्ठपणाने, पाठीच्या दुखण्याने त्याला तिथवर वाकता येत नाहीये. पाण्यासारखा खरा जुलाब मात्र, विशेषतः पिल्लाला, म्हणजे लगेच डॉक्टर.

दुसरी: पाणी

नळीची बाटली वापरत असाल तर बोटाने तिची गोळी दाबून बघा. खरंच थेंब येतो का? माझी बाटली एकदा दोन दिवस काठोकाठ भरलेली होती आणि मी मनात म्हणत होते, आज पाणी बदलायचं काम वाचलं. गोळी अडकली होती. सशाला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 150 मिली पाणी लागतं. ते मिळालं नाही की आतड्यातला माल चिकट होतो आणि खाणं आपोआप थांबतं.

जड, पसरट वाडग्यात पाणी ठेवा. बरेचसे ससे बाटलीपेक्षा वाडग्यातून जास्त पितात. खात असेल तर पाला धुऊन, न झटकता, ओलाच द्या.

तिसरी: खाणं

इथे स्वतःला उलटतपासणीचे प्रश्न विचारा. पेलेट्सची नवीन पिशवी फोडली का? ब्रँड एकदम बदलला का? (बदल आठ-पंधरा दिवसांत, जुन्यात नवीन थोडं थोडं मिसळून करायचा असतो.) गवताला कुबट वास येतोय का, हातात धूळ राहतेय का? कोणी पाहुण्याने केळं, बिस्कीट, पोळी भरवली का? पिठूळ आणि गोड पदार्थांनी जिवाणूंचं गणित बिघडतं, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही.

गाजर म्हणजे सशाचं जेवण, हा समज चित्रांमधून आलाय. गाजर हा गोड खाऊ आहे. ताटातला सगळ्यात मोठा वाटा वाळलेल्या गवताचा, 80 टक्क्यांच्या वर.

एक फसवणूक सांगते. ससा गवत खात नाही पण खाऊ खातो, आणि घरचे म्हणतात, "बघ, खातोय की, उगाच लाड करून घेतोय." मऊ खातो आणि चरबरीत टाळतो, हेच दाढांच्या दुखण्याचं पहिलं लक्षण असतं. नखरा समजून आठवडा घालवू नका.

चौथी: आजूबाजूला काय झालं

घर बदललं, फटाके वाजले, कुत्रा पिंजऱ्यापाशी आला, जोडीदार ससा गेला, यातल्या कशानेही भूक जाते. जागा शांत करा, लपायला खोकं द्या. पण कारण सापडलं म्हणून घड्याळ थांबत नाही. भीतीने थांबलेलं आतडंही थांबलेलंच असतं.

उकाडा हे वेगळं प्रकरण. 28-30 अंशांच्या पुढे सशाला त्रास व्हायला लागतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो कानांतून उष्णता बाहेर टाकतो. कान तापलेले, धाप लागलेली, अंग पसरून पडलेला असेल तर सावलीत घ्या, कानांना साध्या गार पाण्याचा हात लावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. आणि निघा.

नसबंदी न केलेली मादी तोंडात गवत भरून इकडून तिकडे नेत असेल, छातीचे केस उपटत असेल, तर ती घरटं करतेय. गर्भ खरा असो वा खोटा. त्या एक-दोन दिवसांत तिचं खाणं कमी होतं. कमी होतं म्हणते मी, बंद नव्हे.

पाचवी: हात लावून तपासणी

जमिनीवर बसा. टेबलावर नको, उडी मारली तर पाठीचं हाड मोडू शकतं. टॉवेल अंथरा, ससा मांडीच्या मधे, तोंड तुमच्यापासून लांब.

पोटाला तळहात हलकेच लावा. मऊ कणकेसारखं लागलं तर ठीक. घट्ट गोळा लागला किंवा हात लावताच ससा आखडला, तर दाबून बघत बसू नका. कान पोटाशी नेऊन ऐका: एरवी बारीक गुडगुड असते. खूप जोराची खळखळ म्हणजे वायू, पूर्ण शांतता म्हणजे आतडं झोपलंय.

वरचा ओठ अलगद बाजूला करून पुढचे दात बघा. खालचे दात वरच्यांच्या जरा मागे टेकलेले हवेत. हे दात आठवड्याला 2 ते 3 मिलिमीटर वाढतात आणि झिजले नाहीत तर वळून वाकडे होतात. ते नेलकटरने कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. जबड्याच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, कुठे उंचवटा लागतोय का. डोळ्यातून एकाच बाजूने पाणी येतंय का तेही बघा, कारण वरच्या दातांची मुळं अश्रूंच्या नळीला लागून असतात.

पुढचे दात चांगले दिसले म्हणजे दात चांगले, असं मात्र नाही. सशाला 28 दात असतात. त्यातल्या 22 दाढा आत, अरुंद तोंडात, घरच्या बॅटरीच्या उजेडात दिसतच नाहीत. मी बऱ्याचदा प्रयत्न केलाय. दिसते ती जीभ आणि चघळलेला पाला.

मग शेपटीखालची जागा आणि तळपाय. तळपायाला केस जाऊन लाल जखम झाली असेल तर नुसत्या त्या दुखण्यानेही खाणं सुटतं. लघवी पिठुळ, खडूच्या पाण्यासारखी दाट असेल आणि ससा कुंथत असेल, तर मूत्राशयात कॅल्शियमचा गाळ असू शकतो. लालसर लघवी दरवेळी रक्ताची नसते, पाल्यातल्या रंगानेही येते. पण ससा जेवत नसताना हा अंदाज आपण करायचा नाही.

सहावी: थर्मामीटर

हे कोणीतरी शिकवल्याशिवाय करू नका. एकदा डॉक्टरांकडून दाखवून घ्या. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर, आणि ससा झटका देईल या तयारीने. साधारण 38.5 ते 40 अंश सेल्सिअस ठीक. 38 च्या खाली म्हणजे शरीर हार मानायला लागलंय. 40.5 च्या वर म्हणजे ताप किंवा ऊन. दोन्हीत घरचे उपाय बंद.

जमत नसेल तर कान. रोज हात लावत असाल तर आजचा गारवा वेगळा आहे, हे हाताला कळतं.

घरी काय करता येतं

डॉक्टरांना फोन लावून झाला, पोट फुगलेलं नाही, अंग गार नाही, ससा जागा आणि सावध आहे, तरच पुढचं.

हवा थंड असेल तर कोमट पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेजारी ठेवा, आणि नको वाटलं तर लांब सरकायला जागा राहू द्या. खोलीत मोकळं सोडा. चार पावलं चालला तरी आतडं हलायला मदत होते. पाठीवर हात फिरवा. पोटाला मसाज मी पूर्वी करायचे, आता करत नाही; आत अडथळा आहे की नुसता वायू, हे बाहेरून कळत नाही, आणि अडथळा असेल तर चोळणं अंगाशी येतं. बाळांसाठीचे वायूचे थेंब बरेच लोक देतात. त्याने बिघडत नाही, पण आपण काहीतरी केलं या समाधानात तीन तास जातात, ते बिघडतं.

सिरिंजने भरवणं हा खरा उपाय, आणि चुकला तर खरा धोका. आजारी सशांसाठी पावडरीचं खाद्य मिळतं. नसेल तर त्याचे नेहमीचे पेलेट्स कोमट पाण्यात भिजवून पातळ लगदा करा. सुई नसलेली सिरिंज. सशाला टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळा, फक्त डोकं बाहेर, चारी पाय खाली. उताणं कधीही नाही. सिरिंजचं टोक तोंडाच्या बाजूने, पुढच्या दातांच्या मागे असलेल्या रिकाम्या जागेतून आत. एका वेळी अर्धा मिली. आता थांबा. जबडा हलला, गिळलं, मग पुढचा अर्धा. ढब्बू पहिले चार घोट गालात धरून बसायचा आणि पाचव्याला सगळा लगदा माझ्या बाहीवर. त्याची घाई करू नका. जोरात ढकललेला लगदा फुफ्फुसात जातो. दिवसभराचं प्रमाण वजनाच्या किलोमागे साधारण 50 मिली, चार-पाच वेळात वाटून. तुमच्या सशाचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

सिरिंजला ससा स्वतःहून चावे घेऊन खायला लागला, पण गवत तरीही टाकून देतोय? पुन्हा दाढा.

हे करू नका

अननसाचा किंवा पपईचा रस देऊन पोटातले केस विरघळतात, हे खरं नाही. केस प्रत्येक सशाच्या पोटात असतात. आतडं चालू असलं की जातात, थांबलं की साचतात. साखर मात्र जास्तीची जाते. तेल पाजू नका. आपल्या घरातली दुखण्याची गोळी तर अजिबात नको. उरलेलं अँटिबायोटिकही नको: अमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन तोंडाने दिलं तर सशाच्या पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही दगावू शकतो. कुत्र्या-मांजराचं फिप्रोनिल असलेलं पिसवांचं औषध सशाला लावू नका. तेही जीवघेणं ठरतं.

इथे थांबा, डॉक्टर गाठा

वरची यादी न करताही चालेल असा साधा नियम मी ठेवलाय. आवडीची काडी नाकारली की फोन. चार-सहा तासांत नवीन लेंडी नाही, खाणं नाही, की निघायचं. सुरुवातीला दिलेलं 10-12 तासांचं टोक हे वाट पाहायचं माप नाही. तोवर उशीर झालेला असतो. पिल्लू असेल, म्हातारा असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल तर चार तासही थांबत नाही.

फोनवरच विचारा: ससे नेहमी बघता का? कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही सशात चुकू शकतात. दाताच्या कामाआधी "रात्रीपासून उपाशी ठेवा" असं मला एका ठिकाणी सांगितलं होतं. ससा उलटी करत नाही, त्यामुळे भुलीआधी त्याला तसं उपाशी ठेवायचं कारणच नसतं, उलट नुकसान होतं. मी ते काम दुसरीकडे करून घेतलं.

सोबत न्या: तो वेळ लिहिलेला कागद, शेवटच्या लेंड्या एका डबीत, दिलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद, त्याचं नेहमीचं गवत, आणि जमलं तर जोडीदार ससा. तिथे बहुधा एक्स-रे होईल, कातडीखाली सलाईन, दुखणं थांबवायचं औषध. आतडं हलवायचं औषध एक्स-रेआधी मागू नका. अडथळा असेल तर त्यानेच नुकसान होतं.

पुन्हा पुन्हा होत असेल तर

बरं झाल्यावर पहिल्या लेंड्या वेड्यावाकड्या, केसाळ, लहान येतात. दोन-तीन दिवसांत आकार परत येतो. तोवर पेलेट्स कमी, गवत अमाप.

आणि दर आठवड्याला, त्याच दिवशी, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. ढब्बूच्या वहीत दोन महिन्यांत 140 ग्रॅम उतरलेले दिसले, तेव्हा कुठे मला कळलं की त्याचं "न खाणं" हे पंधरवड्यातून एक दिवसाचं नव्हतंच. मधल्या दिवसांतही तो कमीच खात होता. पोटाचं औषध घेऊन प्रत्येक वेळी तो बरा व्हायचा, आणि पोटाचा त्यात दोषच नव्हता. शेवटी भूल देऊन तोंड पूर्ण उघडलं. खालच्या डाव्या दाढेची एक कड जिभेच्या दिशेने काट्यासारखी वाढली होती आणि जिभेच्या कडेला तेवढ्याच मापाची चीर होती. ती कड घासली. त्याच संध्याकाळी त्याने गवताची काडी उचलली, नेहमीसारखं डोकं तिरकं केलं, आणि ती अख्खी आत ओढली. आता दर चार महिन्यांनी दाढा घासायला नेते.